जशुबेनचं घरचोळं

जशुबेन नकुमला यशाचं रहस्य विचारायला माणसं यायला लागली तेव्हा मला हसू आवरायचं नाही. एकदा टाउन हॉलात बायकांच्या स्वयंरोजगाराचा मोठा मेळावा भरला होता. तिला स्टेजवर बसवलं, गळ्यात हार घातला आणि कोट घातलेल्या एका साहेबानं माइक पुढे करून विचारलं, "जशुबेन, तुमच्या यशाची प्रेरणा काय?"

जशु म्हणाली, "सकाळी उठते, बांधायला बसते. दुपारी डोळे दुखतात. मग पुन्हा बांधायला बसते."

हॉल खो खो हसला. साहेबाचं समाधान होईना. "तरी पण कोणीतरी पाठीशी असेलच ना?"

तेव्हा जशुनं पहिल्या रांगेकडे हात केला. "ते काय, माझे मोटाभाई."

पहिल्या रांगेत वालजीभाई बसला होता, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. उठून त्यानं सगळ्यांना हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, चांगल्या जोरात. आज आठवलं की वाटतं, त्याच हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी होती.

मी रळियात. जशुची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. एकाच वर्षी आम्ही दोघी लग्न होऊन जामनगरच्या या गल्लीत आलो आणि तिच्या सासूकडून बांधणी बांधायला शिकलो. कापडावर गेरूचे ठिपके छापलेले असतात. एकेक ठिपका करंगळीच्या नखानं उचलायचा, त्याला दोऱ्याचे वेढे द्यायचे, की पुढचा उचलायचा. एका साडीत हजारो. मग रंगारी ती गोळा झालेली साडी रंगात बुडवतो आणि गाठीखालचं कापड तेवढं कोरं राहतं. साडी विकायची ती तशीच, गाठींसकट. गिऱ्हाईक समोर असलं की दोघी जणी दोन बाजूंनी धरून ओढतात आणि गाठी तडतड तडतड सुटत जातात. तो आवाज आला म्हणजे काम हातचं. नाही आला म्हणजे छापील. त्यामुळे विक्रीआधी साडी कोणी उघडत नाही. वीतभर कोपरा तेवढा सोडून दाखवायचा, बाकी सगळं विश्वासावर. आधीच उघडलेल्या साडीला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही.

जशुचा नवरा मगनभाई पितळेच्या कारखान्यात होता. तो गेला तेव्हा ती एकोणतीसची, मूलबाळ नाही. आम्ही सगळ्या जणी एका शेठसाठी बांधायचो. एक दिवस ती तयार साडी द्यायला दुकानात गेली, तर शेठ गिऱ्हाइकाला सांगत होता, "हे आमच्या घरच्या बायकांचं काम हं. बाहेर आम्ही देतच नाही."

जशु दारातूनच म्हणाली, "शेठ, मी तुमच्या घरची कधी झाले? आमंत्रण नाही आलं मला."

गिऱ्हाईक हसलं आणि जशुचं काम त्याच दिवशी बंद झालं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली ती लालबुंद होऊन. "हात माझे, डोळे माझे, आणि नाव त्या मेल्याचं? बास झालं. आता जे बांधीन ते माझ्या नावानं."

मी म्हटलं, "नावानं चूल पेटते का गं?"

"पेटवून दाखवते," म्हणाली.

आणि दाखवली बाईनं! पण खोटं कशाला बोलू, पहिली काडी वालजीभाईनंच ओढली. जशुचा थोरला भाऊ तो. गजी सिल्कचा पहिला ताका खांद्यावर टाकून त्यानंच आणून दिला. म्हणाला, "बेन, तू बांध. बाजार मी बघतो. बाजारात बायकांचं काम नाही." आमच्यात भाऊ बहिणीच्या सासरी पाणीसुद्धा पीत नाही. दिलेल्या लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, असा नेम. हल्लीचे भाऊ जेवून, ढेकर देऊन जातात, पण वालजीभाई जुन्या वळणाचा. तीस वर्षांत त्यानं जशुच्या घरी चहाचा घोट घेतला नाही. ती दरवेळी पेला पुढे करायची, तो दरवेळी हात लावून नमस्कार करायचा आणि पेला तसाच परत जायचा. अशा भावावर कोण संशय घेईल, सांगा मला!

जशु ठिपक्यांची नक्षी काढायची, आम्ही चौदा जणी बांधायचो. वालजीभाई गाठोडी हाजीभाई रंगाऱ्याकडे न्यायचा, रंगवून झाली की परस्पर दुकानांत पोचवायचा. प्रत्येक साडीच्या टोकाला हिरवा दोरा आणि त्यात जशुच्या नावाची कापडी पट्टी. हळूहळू राजकोट, गोंडल, जुनागढपर्यंत बायका दुकानात जाऊन म्हणायला लागल्या, "जशुबेनचं दाखवा." एकदा तिला त्या जुन्या शेठच्याच दुकानातून निरोप आला, चार साड्या पाठवा म्हणून. त्या दिवशी तिनं गल्लीभर गांठिया वाटले. तिला ना दागिन्यांची हौस, ना घराला रंग द्यायची. एवढं एक नाव तिनं आयुष्यभर जपलं.

आता माझं सांगते. सांगायचंच आहे, म्हणून तर बसले.

तीन-चार वर्षांमागे वालजीभाई माझ्याकडे आला. जशु तेव्हा देवळात गेलेली. हातात कोऱ्या साड्यांची थप्पी. म्हणाला, "रळियातबेन, एक काम कराल? प्रत्येकीचा एक कोपरा बांधून द्या, वीतभर. जशुच्या नक्षीचा."

"आणि बाकीची साडी?"

"ती कच्छकडच्या बायका बांधतील. मागणी फार आहे हो, तुम्ही चौदा जणी कुठे कुठे पुरणार? पण दुकानदार कोपरा बघतो ना, तो तुमच्या हातचा हवा. जशुला बोलू नका. तिला वाटेल मी तिच्या बायका फोडतोय."

माझे डोळे तेव्हा अधू व्हायला लागले होते. अख्खी साडी बांधायची म्हणजे दिवेलागणीला दोऱ्याचं टोक सापडेनासं व्हायचं. कोपरा म्हणजे दोन दिवसांचं काम आणि मजुरी दुप्पट. मी स्वतःला समजावलं, कच्छच्या बायका पण पोटासाठीच बांधतात, त्यात काय पाप आहे? पण चोरून का, हा प्रश्न मनात आला नव्हता असं नाही. आला होता. मी त्याला बसायला पाट दिला नाही, एवढंच.

असे कोपरे मी बांधत राहिले. एक भिंत मध्ये. पलीकडे जशु गात गात बांधायची, अलीकडे मी मुकाट्यानं.

मग इंदुमतीबेन चंदाराणांकडचं लग्न ठरलं. मोठं घराणं. सासूनं नव्या वहूला द्यायचं घरचोळं, म्हणजे लग्नातली लाल साडी, जरीच्या चौकटी आणि चौकटीचौकटीत बांधणी. इंदुमतीबेन स्वतः गल्लीत आल्या, खाली जाजमावर बसल्या. "जशुबेन, यात दुसरीचा हात लागायला नको. तुमच्या एकटीचं हवं." जशुनं आठ महिने दुसरं काम घेतलं नाही. मोर, हत्ती, पानाफुलं, सगळं तिच्या एकटीच्या नखाखालून गेलं. शेवटी शेवटी तिला मान वळवता येत नव्हती, मी रोज तेल चोळून द्यायचे. गाठोडं हाजीभाईकडे गेलं तेव्हा तिनं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रळियात, यापुढे नाही काही केलं तरी चालेल."

लग्नाच्या दिवशी महाजनवाडीत, म्हणजे समाजाच्या कार्यालयात, सकाळीच बायका जमल्या. वहूला द्यायच्या वस्त्रांची ताटं मांडलेली. वालजीभाईनं आदल्या दिवशीच घरचोळं पोचवलं होतं. इंदुमतीबेननी सगळ्यांसमोर जशुला पुढे बोलावलं. "तुम्हीच उघडा. वहूलाही कळू दे सासू काय देतेय ते!"

जशुनं एक बाजू धरली. दुसरी मी, नेहमीप्रमाणे. दोघींनी ओढलं.

आवाज आला नाही. दोरा नुसताच सुटला आणि खाली गळून पडला. जशुनं माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "पुन्हा ओढ." पुन्हा ओढलं. कोपऱ्याकडच्या चार-पाच गाठी तेवढ्या तडतडल्या. त्या माझ्या होत्या. बाकी सगळं कापड गुळगुळीत, ठिपके सपाट, उलट्या बाजूनं रंग फिका. छापील! टोकाला हिरवा दोरा आणि जशुबेन नकुम ही पट्टी.

वहू बिचारी गुणाची, म्हणाली, "दमट असेल हो, म्हणून आवाज नाही आला." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. इंदुमतीबेननी साडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि ताटात टाकली.

"जशुबेन, छापील कापड बाजारात ढीगभर मिळतं. त्यासाठी मी तुमच्या जाजमावर येऊन बसले नसते."

मला वाटलं जशु आता सांगेल, हे माझं नाही, कोणीतरी बदललंय. तिनं तसं काही केलं नाही. पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "नाव माझं आहे. म्हणजे चूक माझी." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर पडली. तिच्यामागून मी. वाडीच्या दारात केळीचे खांब बांधलेले होते, तिथे ती क्षणभर टेकून उभी राहिली.

घरी न जाता ती तडक हाजीभाईकडे गेली. म्हातारा म्हणाला, "बेटी, तुझं घरचोळं मी माझ्या हातानं रंगवलं. असं काम दहा वर्षांत पाहिलं नाही. मंगळवारी वालजीभाई घेऊन गेले." मग त्यानं मंडपातल्या साडीचं वर्णन ऐकलं आणि मान खाली घातली. "असल्या साड्या बाहेरगावच्या कारखान्यातून येतात, नुसता दोरा गुंडाळून. तुझ्या नावाच्या मी पाहिल्या होत्या दोन-चार. मला वाटलं तुला माहीत असेल."

दुपारी वालजीभाईला बोलावलं. मी तिथेच होते, उठून जाण्याची छाती होईना. जशुनं नेहमीसारखा पाण्याचा पेला पुढे ठेवला. त्यानं नेहमीसारखा हात लावला.

"मोटाभाई, माझं घरचोळं कुठाय?"

तो पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम भडाभडा बोलायला लागला. "बेन, गाठोडी बदलली गं! तुझं खरं घरचोळं त्या वाडीतच जायचं होतं, देवाशपथ. दुसरं लांबच्या दुकानाचं. सगळी गाठोडी सारखीच दिसतात, उघडल्याशिवाय मला तरी काय कळणार?"

"तुम्हालाच कळत नाही, मग लोकांना कुठून कळणार. यावरच धंदा केलात ना?"

"धंदा तुझाच ना! चौदा बायकांच्या बोटांनी बाजार भरतो का? लोक मागतात, मी नाही म्हणू? अमदावादपर्यंत तुझं नाव मी नेलं."

"नेलंत," जशु म्हणाली. "मला काय ठेवलंत?"

"आणि माझ्या घरी काय गेलं असं वाटतं तुला? तुझ्या भाच्यांची लग्नं..."

"मागितलं असतंत तर मी हात तोडून दिला असता, मोटाभाई! नाव कसं घेतलंत? केसानं गळा कापलात माझा." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला.

वालजीभाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. पण तो माझ्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्या क्षणी मला तो भला माणूस वाटला. यापेक्षा लाजिरवाणं मी माझ्याबद्दल दुसरं काही सांगू शकत नाही. त्याच्या घशाला कोरड पडली असावी, कारण त्यानं पेला उचलला.

जशुनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू दे. तीस वर्षं नेम पाळलात, आता कशाला मोडता?"

तो गेला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं दार वाजवलं. "चल रळियात. साडी ओढायला दुसरं माणूस लागतं."

दोन महिने आम्ही एसटीनं फिरलो. जामनगर, राजकोट, गोंडल, जुनागढ. एकूण सव्वीस दुकानं. प्रत्येक ठिकाणी ती एकच सांगायची, "माझ्या नावाची जेवढी असतील तेवढी काढा." मग गिऱ्हाइकांसमोर एकेक उघडायची. खोटी निघाली की पट्टी कापून पिशवीत टाकायची आणि माल परत घ्यायची. खरी निघाली तरी परत घ्यायची, कारण उघडलेली साडी दुकानदार ठेवून काय करणार? आमच्याच हातच्या चांगल्या चांगल्या साड्या अशा मातीमोल झाल्या.

गोंडलचा एक दुकानदार हात जोडून म्हणाला, "बेन, कशाला उघडताय? गिऱ्हाईक काय कान लावून बसलंय?"

"मी बसले आहे ना," ती म्हणाली.

प्रत्येक दुकानात एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. साडी न वाजता सुटायची आणि कोपऱ्यापाशी आली की माझ्या चार गाठी तडतडायच्या. मी वर बघायचे नाही. गोंडलच्या स्टँडवर बाकावर बसून आम्ही गांठिया खात होतो, तेव्हा तिनं विचारलं, "रळियात, काही बोलायचंय का?"

"छे गं. ऊन फार आहे," मी म्हटलं.

तिचं घरचोळं सापडलंच नाही. कुठल्या तरी लांबच्या दुकानातून कोणीतरी स्वस्तात नेलं असेल आणि ओढल्यावर चकित झालं असेल. चौदांपैकी नऊ बायका दुसऱ्यांकडे कामाला लागल्या. आडून आडून लोक म्हणायचे, भावाबहिणीचं संगनमतच असणार, पकडली गेल्यावर भावावर ढकललं. तिच्या तोंडावर सुद्धा म्हणाले काही जण. तिनं पुन्हा एक ताका आणला, स्वतः बाजारात जाऊन. पुन्हा बसली बांधायला. साठी उलटलेली बाई, सुरुवातीपासून.

मला अन्न गोड लागेना. भिंतीपलीकडे आता ती गात नव्हती. शेवटी एका दुपारी मी गेले आणि उंबऱ्यातच उभी राहून सांगून टाकलं. कोपरे मी बांधले. दोन वर्षं. मला माहीत नव्हतं तो काय करतो, पण चोरून आहे हे माहीत होतं.

तिनं हातातला ठिपका पूर्ण बांधला. मग वर पाहिलं.

"ठाऊक आहे मला."

"मोटाभाईंनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील? चाळीस वर्षं तुझ्या शेजारी बसून बांधतेय. तू शेवटचा वेढा उलटा देतेस. मंडपात पहिल्यांदा ओढलं तेव्हाच कळलं."

मी उंबऱ्यातच बसले. "मग बोलली का नाहीस गं? दोन महिने मला घेऊन फिरलीस..."

"दुसरी कोणी मिळाली नसती का ओढायला?" जशु म्हणाली. "तुला मुद्दाम नेत होते. प्रत्येक दुकानात वाटायचं, आता बोलेल. आता तरी बोलेल. सव्वीस दुकानं झाली, रळियात. मोटाभाईंनी आयुष्यात एक ठिपका बांधला नाही, त्यांना काय कळणार माझं काय गेलं? तुला कळत होतं."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले.

"रडू नकोस. तुझं नाव मी कुठे घेतलं नाही, घेणार नाही. बांधणाऱ्या बाईचाच हात होता हे बाहेर कळलं, तर गल्लीतल्या एकीलाही कोणी काम देणार नाही. माफ केलं असं मात्र समजू नकोस."

एवढं बोलून तिनं पुढचा ठिपका नखावर उचलला. मी उठले आणि घरी आले.

काम तिनं मला पुन्हा दिलं नाही. आज तिच्याकडे अकरा बायका बांधतात, त्यात दोघी तर माझ्या सुनेच्या मैत्रिणी. साडी ओढायला ती त्यांच्यातली एखादी बोलावते. रस्त्यात भेटली की मात्र न चुकता थांबते, विचारते, "कशी आहेस, रळियात?" मी म्हणते, "मजेत आहे." मग ती तिच्या दारात शिरते, मी माझ्या.